बाबा झोपलेत

मुलांना सुट्टी लागली की आईबापांच्या मागे काम लागतं, असं लोक म्हणतात. माझ्या मागे झोपेची काळजी लागायची. मी बेकरीत रात्रपाळीला असतो, भट्टीवर. लोक सकाळचा पाव आणायला बाहेर पडतात तेव्हा मी घरी येतो, अंगावरचं पीठ धुतो, दोन घास पोटात ढकलतो आणि आडवा होतो तो दुपार टळेपर्यंत. शाळा चालू असली की घर रिकामं असतं आणि मी ढाराढूर झोपतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र घरात दोन खोल्या, दोन मुली आणि मधे एक पातळ दार, एवढाच हिशोब उरतो.

झोपेचे चोचले पुरवायचा मला शौक नाही. गेल्या हिवाळ्यात भट्टीसमोर उभ्या उभ्या माझा डोळा लागला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, ट्रे कोसळले आणि सगळा माल राख झाला. मालक वाईट माणूस नाही, दवाखान्याचं त्यानेच बघितलं. पण बजावलं, "पुन्हा असं झालं तर घरी बसायचं. उद्या आत पडलास तर मी काय तोंड दाखवू?" तेव्हापासून दिवसाची झोप हा माझ्या नोकरीचाच भाग झाला. हाताची पट्टी बदलताना थोरली शेजारी बसून सगळं बघायची. ती दहा वर्षांची आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी धाकटीने मामाने दिलेला पत्र्याचा ढोल काढला. ती सहा वर्षांची, तिला वाटलं सुट्टी म्हणजे मिरवणूक. माझा नुकताच डोळा लागलेला. मी तिरमिरीत उठलो, ढोल हिसकावला आणि खिडकीतून खाली भिरकावला. खाली कुणी नव्हतं हे नशीब. धाकटीने भोकाड पसरायला तोंड उघडलं, तेवढ्यात थोरलीने मागून येऊन तिच्या तोंडावर हात दाबला. मी थोरलीला म्हणालो, "शाब्बास."

मग नियम आले. दिवसा टीव्ही नाही, पळापळ नाही, खुर्ची ओढायची नाही. फरशीवर पावलं वाजतात म्हणून मी स्वतः बाजारातून दोघींना जाडे मोजे आणले. बायको चष्म्यांच्या दुकानात कामाला आहे. सकाळी निघताना ती ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "बाबा झोपलेत हं. हूं की चूं करायचं नाही." बाकीचा कारभार थोरलीने हातात घेतला. स्टुलाच्या चारी पायांना तिने चिंध्या बांधल्या. बादली भरताना नळाला फडकं लावून पाणी कडेने सोडायचं, हे तिनेच धाकटीला शिकवलं. पोटावर हात ठेवला की भूक, दोन बोटं चालवली की गॅलरीत जाऊया, आणि कानाची पाळी ओढली की बाबा उठले. आमच्या दारांच्या कड्या वाजतात, म्हणून दुपारपर्यंत बंद दारांना हात लावायचा नाही, हाही तिचाच कायदा.

मी बेकरीत कौतुक सांगत सुटलो. "माझ्या पोरी घरात आहेत की नाहीत, पत्ता लागत नाही." पीठ मळणारा आमचा दोस्त म्हणाला, "पोरी पाळल्यात की मांजरी?" सगळे हसले. मीही हसलो.

एका संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, धाकटी हल्ली संध्याकाळीसुद्धा कुजबुजते. काल दुकानात खोडरबर मागितलं, तर त्या माणसाला ऐकूच येईना. शेवटी बोट दाखवलं तिने."

"बरंच आहे की," मी म्हणालो. "तुझ्यावर नाही गेली."

ती पाठ वळवून भांडी लावायला लागली.

त्या आठवड्यातलीच गोष्ट. मला कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी झोप लागली. जाग आली तेव्हा अंग हलकं झालं होतं. चहा टाकावा म्हणून मी स्वयंपाकघरात आलो, तर दोघी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या. धाकटीचा चेहरा पांढराफटक. तोंडात टॉवेलचा बोळा. तिचा डावा हात थोरलीने उशीवर ठेवून धरला होता, आणि तो मनगटाच्या जरा वर, जिथे हात वाकत नाही तिथे, वाकला होता.

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मग धाकटीकडे वळून स्वतःच्या कानाची पाळी ओढली. तेव्हा कुठे धाकटीने टॉवेल तोंडातून काढला आणि ती रडली. इतका वेळ आत दाबून ठेवलेलं रडणं एकदम बाहेर आलं. पोरगी रडायची परवानगी मिळायची वाट बघत बसली होती.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढायला लावला, हाड मोडलं होतं. हात बांधता बांधता त्यांनी विचारलं, "कधी पडली ही?"

"सकाळी," थोरली म्हणाली. "बाबा झोपले आणि लगेच."

"सकाळी? मग घरी कोण होतं?"

"बाबा होते ना."

"मग?"

"झोपले होते," थोरलीने समजावून सांगितलं. एवढी साधी गोष्ट डॉक्टरांना कशी कळत नाही, असा तिचा सूर होता. बाईंनी माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. त्यांनी मला फाडकन बोलायला हवं होतं, निदान मला उलट काहीतरी म्हणता आलं असतं.

बाहेर बाकावर बसल्यावर सगळं कळलं. धाकटीला भूक लागली होती. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर. ती स्टुलावर चढली आणि मोज्यांवरून पाय सटकला. मी आणलेल्या मोज्यांवरून.

"पडल्याचा आवाज कसा नाही झाला?" मी विचारलं.

"मी धरलं तिला थोडं," थोरली म्हणाली. "आणि डबा पण झेलला." डबा झेलल्याचा तिला अजून अभिमान होता.

"शेजारच्या काकूंना तरी बोलवायचं!"

"दाराची कडी वाजते."

"आईला फोन करायचा!"

"फोन तुमच्या उशाखाली असतो."

"अगं मग मला उठवायचं! मी काय मेलो होतो?" माझा आवाज चढला. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. थोरली उठून दोन पावलं मागे सरकली. मग माझ्या उजव्या हाताकडे, त्या जुन्या डागाकडे बघत म्हणाली, "झोप नाही झाली की तुम्ही भाजता."

मला वाटत होतं की त्या मला घाबरून गप्प बसतात. ते खरं होतंच. पण ही पोरगी मला जपतही होती, आणि दोन्हींची तिच्या मनात इतकी गाठ बसली होती की बहिणीचा हात मोडला तरी ती सुटली नाही. मला माझी लाज वाटली. तिथे, सगळ्यांसमोर, मला रडायला येत होतं.

संध्याकाळी बायको आली. तिने धाकटीला मांडीवर घेतलं, सगळं ऐकलं. उठली, चारही मोजे गोळा केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. स्टुलाच्या पायांच्या चिंध्या सोडायला मात्र तिला कात्री घ्यावी लागली. थोरलीने गाठी पक्क्या मारल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो आणि दोघींना समोर बसवलं. म्हटलं, "आजपासून घर डोक्यावर घ्या. नाचा, ओरडा. काही लागलं की मला हाक मारायची. कळलं?" दोघींनी माना हलवल्या. आवाज नाही.

"चला, करून बघू," मी म्हणालो. पलंगावर आडवा झालो, डोळे मिटले. "मारा हाक."

"बाबा," थोरली पुटपुटली.

"ऐकू नाही आलं. मोठ्याने."

"बाबा." हे आधीच्यापेक्षाही बारीक.

मी डोळे मिटूनच होतो. पलंगाला पाठ टेकली की रात्रभराचा शीण अंगावर येतो. बहुतेक क्षणभर पेंगलोच. तेवढ्यात कानाशी ठण्णकन ताटली वाजली. धाकटीला खेळ समजला होता, तिने चांगल्या हाताने पळी हाणली होती. आणि मी, ज्याने दोन मिनिटांपूर्वी ओरडा म्हणून सांगितलं होतं, तो मी उठून बसलो आणि गरजलो, "कोण आहे रे ते!"

ताटली जमिनीवर फिरत राहिली. दोघी टेबलाखाली गेल्या होत्या. थोरलीचा हात धाकटीच्या तोंडावर होता, ढोलाच्या दिवशी होता तसाच.

मी टेबलाशेजारी फरशीवर बसलो. "चुकलं माझं," म्हणालो. "बाहेर या." त्या आल्या, कारण बाबांनी सांगितलं होतं. पण त्या दिवशी पुढे घरात काहीही वाजलं नाही. मी पडल्या पडल्या कान देऊन होतो. एवढी शांतता मला आयुष्यात कधी नकोशी झाली नव्हती. रात्री भट्टीपाशी पेंग आली तेव्हा दोस्ताने मला बाजूला ओढलं आणि माझे ट्रे स्वतः आत सरकवले.

त्यानंतरच्या सकाळी मी दार उघडं ठेवून झोपलो. काही वेळाने पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. थोरली उभी होती.

"बाबा, पाणी सांडलं."

मी उठलो. स्वयंपाकघरात ओंजळभर पाणी होतं आणि शेजारी फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. मी ते पुसलं. धाकटी बघत होती. मी येऊन पडलो.

पुन्हा अंगठा. "बाबा, हिची पेन्सिल सापडत नाही."

पेन्सिल धाकटीच्या प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांतच होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. ती पेन्सिल काढली, तिच्या दुसऱ्या हातात दिली आणि म्हणालो, "सापडली."

तिसऱ्यांदा मात्र मी गाढ झोपेत शिरत होतो. शरीर शिशासारखं जड. अंगठ्याला हात लागला तेव्हा डोळे उघडेनात.

"बाबा."

"काय गं?"

"काही नाही."

मी डोळे उघडले. अंगठा सोडून ती केव्हाच दारापर्यंत पोचली होती. एक पाय आत, एक पाय बाहेर. वेळ आलीच तर पळता यावं, अशी उभी.

"मग उठवलंस कशाला?"

"उठता का बघत होते."

मी उठून बसलो. "हा बघ, उठलो."

तिने माझा चेहरा नीट न्याहाळला. "ओरडला नाहीत."

"नाही ओरडलो."

ती म्हणाली, "आता झोपा. उद्या परत बघेन."

"बघ," मी म्हणालो. "परवाही बघ."

तिने मान हलवली आणि जाताना दार ओढून घेतलं. वाजू नये म्हणून कडी तिने दोन बोटांत धरून ठेवली होती. मी पडून राहिलो, कडी सुटून वाजायची वाट बघत.