प्रॉम्प्टर आजोबांचा एकुलता एक शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझे नाव समशेर. माझा अर्थ तलवार. निदान मागच्या वर्षापर्यंत तरी तोच होता. आता कोणी अर्थ विचारला की मी जरा चाचपडतो.

चाचपडणे तसे जन्मापासूनच माझ्या पाठीला लागले आहे. मी फारसी भाषेतून आलो, एवढे नक्की. त्याच्या मागचे विचारू नका. कोणी सांगतात, माझ्या नावात सिंहाचे नख आहे. दुसरे म्हणतात, नख नव्हे, शेपूट. आता कुठे नख आणि कुठे शेपूट! अभ्यासक मंडळींच्या मते तर या दोन्ही मागाहून रचलेल्या गोष्टी, आणि खरा उगम काही नीट सापडत नाही. फार जुन्या एका ग्रीक मजकुरात माझ्यासारखा दिसणारा एक शब्द आहे म्हणे. तो माझा पूर्वज की नुसता तोंडावळा सारखा, देव जाणे. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. त्यात शब्दाचेही नाव घालायला हवे होते.

फारसीत कुठलीही तलवार म्हणजे मी. पाते सरळ असो की वाकडे, हाक मलाच. पुढे बारीक, कमानदार पात्याची तलवार जास्त प्रचारात आली आणि लोक मला तिचेच नाव म्हणून ओळखू लागले. मग शिपायांबरोबर, दरबारी कागदांबरोबर मी मराठीत आलो. इथे नवीनच पंचाईत. शब्द म्हणून मला 'तो' म्हणतात आणि तलवार म्हणून 'ती'. मी सवय करून घेतली, करतो काय?

तरी दिवस चांगले होते. बखरींत मी होतो, पोवाड्यांत होतो. शूराला किताब देताना माझे नाव त्यात गुंफले जाई. काही आईबापांनी मुलांची नावेसुद्धा माझ्यावरून ठेवली. कोणी रणात पराक्रम केला की 'त्याने समशेर गाजवली' असे म्हणत. पण रोजची कामे मात्र माझ्या बहिणीने, म्हणजे 'तलवार' या शब्दाने, पटकावली. डोक्यावर टांगायची ती, म्यान करायची ती, एका म्यानात दोन राहत नाहीत त्याही तिच्याच. माझ्या वाट्याला नुसते गाजणे आले. आणि गाजायचे प्रसंग रोज थोडेच येतात?

पुढे लढायाच बदलल्या. तलवारी भिंतीवर गेल्या, आणि मी नाटकात गेलो.

शब्दाला स्वतःचे घर नसते, मित्रांनो. जो उच्चारतो त्याच्या तोंडी तेवढ्यापुरता मुक्काम. एका नाटक कंपनीत माझा मुक्काम वर्षानुवर्षे झाला. तिथे राजाचे काम करणारा एक धिप्पाड नट होता. सगळे त्याला 'महाराज' म्हणत. आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूस दचकावा, पण पाठांतराच्या नावाने शंख. तिसऱ्या अंकात एका वाक्यापाशी तो हटकून अडे. मग विंगेत स्टुलावर बसलेला प्रॉम्प्टर हळूच म्हणे, "समशेर..." आणि महाराज गरजत, "समशेर उपसली आहे ती परत म्यान करण्यासाठी नव्हे!" टाळ्या पडत. त्या टाळ्या मला वाटत माझ्यासाठीच आहेत.

प्रॉम्प्टरची एक रीत असते. तो पूर्ण वाक्य कधी देत नाही. फक्त पहिला शब्द सोडतो, पुढचे नटाने उचलायचे. हे आमचे प्रॉम्प्टर त्यात इतके तरबेज की कुजबुज प्रेक्षकांना कधी ऐकू गेली नाही. त्यांची बायको त्याच कंपनीत कपडेपट सांभाळी. राजाचे अंगरखे, शिपायांचे शेले, सगळे तिच्या हातचे.

मग कंपनी बंद झाली. प्रॉम्प्टर आजोबा झाले, बायको आजी झाली. मी पुन्हा धूळ खात पडलो. आणि मागच्या वर्षी एका सकाळी आजोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. घरातले सगळे खाटेभोवती उभे होते. आजोबांनी महत्प्रयासाने ओठ हलवले आणि म्हणाले, "समशेर."

मित्रांनो, तेव्हापासून त्यांच्याकडे दुसरा शब्द नाही. पाणी हवे, समशेर. उशी हवी, समशेर. आजीला हाक, समशेर. दिवसभर माझाच उच्चार! इतका भाव मला दरबारातही कधी मिळाला नव्हता. पण आनंद मानावा तर कसला? मी येतो तलवार म्हणून, आणि समोर असते पाण्याचे भांडे. लाखो शब्दांतून मीच का उरलो, तेही कळेना. मी घाबराघुबरा होई, आजोबा चिडत, आजी रडवेली होई. सगळ्या शब्दांत मीच तेवढा त्यांना बोलता येत होतो आणि माझाच काही उपयोग नव्हता.

एके दुपारी महाराज भेटायला आले. सोबत रंगमंचावरची जुनी लाकडी तलवार घेऊन. आजोबांचे तोंड खिडकीकडे होते. त्यांनी कपाळ आक्रसून म्हटले, "समशेर! समशेर!"

"बघा वहिनी, सगळं आठवतंय याला!" महाराज उठून उभे राहिले. पहिला शब्द मिळाला की पुढचे उचलायचे, ही जन्माची सवय. छाती फुगवून त्यांनी ते अख्खे भाषण म्हटले आणि शेवटी लाकडी तलवार आजोबांच्या मांडीवर ठेवली. शेजारपाजारचे दारात जमले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी डाव्या हाताने तलवार ढकलून दिली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. महाराजांना वाटले, मित्राला गहिवरून आले. खरे म्हणजे खिडकीतले ऊन आजोबांच्या डोळ्यांत घुसत होते आणि त्यांना पडदा ओढून हवा होता, बस्स. भाषण संपेपर्यंत तो माणूस तसाच ऊन सोसत बसला होता. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

त्या संध्याकाळी आजोबांच्या मुलाने आईला बाजूला घेतले. तो दुसऱ्या गावी नोकरी करी, महिन्यातून दोनदा येई. "आई, बाबांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही गं. चहा दिला तरी तलवार मागतात. तू एकटी किती दिवस करणार? मी आजारी माणसांना सांभाळतात ती एक जागा बघून आलोय. रविवारी गाडी घेऊन येतो."

 आजीचे गुडघे दुखत होते, आणि मुलगा चूक होता असेही तिला म्हणवेना.

मधल्या दिवसांत वाचा-उपचार करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी आजोबांपुढे चित्रे मांडली आणि त्या विचारतील ते चित्र आजोबांनी बोटाने बरोबर दाखवले. "आजी, यांना सगळं कळतंय," बाई म्हणाल्या. "डोकं शाबूत आहे. फक्त शब्द हाती लागत नाहीत. तुम्ही शब्दाकडे लक्षच देऊ नका. चाल ऐका, बोलण्याची चाल."

मी थोडा दुखावलो. माझ्याकडे लक्ष देऊ नका म्हणे! पण आजीने ते मनावर घेतले. ती शिलाई यंत्रावर बसली, आजोबांकडे पाठ करून, आणि नुसती ऐकत राहिली. तुटक समशेर आली की पाणी. लांबट, खाली उतरणारी आली की पाय अवघडलाय. वर चढून थांबली की 'कुठे गेलीस?' एकदा तर तिने पाठमोरीच उत्तर दिले, "इथेच आहे हो, मेली कुठे जाते मी!" आजोबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसले.

रविवारी मुलगा आला. स्टँडवरून आणलेली भाड्याची गाडी दाराशी उभी राहिली. आजीने त्याला चालीची हकीकत सांगितली. तो हताश होऊन म्हणाला, "आई, तुला त्यांची माया आहे म्हणून तसं वाटतं. मला तर नुसतं समशेर-समशेर ऐकू येतं." त्याने कपाटातून बापाचे सदरे काढले आणि पिशवीत भरू लागला. त्याची पाठ खाटेकडे होती. रात्रभर प्रवास करून आलेला, चेहरा पार उतरलेला.

आजोबा त्याच्याकडे बघत होते. मग ते म्हणाले, "समशेर रे?"

"हो, खाल्लं स्टँडवर," मुलगा सदऱ्याची घडी करता करता म्हणाला. आणि त्याचे हात थांबले.

आपण कशाला उत्तर दिले, ते त्याच्या ध्यानात आले. लहानपणी शाळेतून आला की, पुढे नोकरीवरून आला की, दारातच ज्या चालीत 'जेवलास का रे' असे विचारले जाई, तीच ही चाल. तो सावकाश वळला. "बाबा," तो म्हणाला, "परत म्हणा ना."

"समशेर रे?"

मुलगा खाटेशी खाली बसला आणि बापाच्या त्या निर्जीव हातावर डोके टेकून हुंदके देऊ लागला. "नाही हो बाबा. खोटं बोललो. काहीच खाल्लं नाही." आजी चूल पेटवायला उठली. थोड्या वेळाने मुलगा बाहेर जाऊन गाडीवाल्याला परत पाठवून आला आणि सदरे होते तिथे ठेवून दिले.

त्या घडीला मी कोण होतो, मित्रांनो? तलवार तर खासच नव्हतो. मी अजून विचारच करतो आहे.

एवढे मात्र सांगतो. तुमच्या घरात कोणी अडखळले, भलताच शब्द बोलले, तर हसू नका आणि 'काहीतरीच बरळतात' म्हणून पाठही फिरवू नका. आम्ही शब्द चुकतो, हरवतो, वाटेल तिथे जाऊन बसतो. बोलणारा माणूस आमच्या मागे उभा असतो. त्याच्यासाठी थोडे थांबा.

आता मला जायला हवे. आजोबा हाक मारत आहेत. या खेपेला मी बहुधा उशी आहे. की पांघरूण? आजीला विचारायला हवे.