कुरतडलेला स्क्रू

ठिणगीचं खरं नाव तिला सही करतानाच आठवायचं. लहानपणी बापाच्या गॅरेजात एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, पोरीला काय कळतंय इंजिनातलं, आणि हिने त्याच्या पायावर पाना सोडला. तेव्हापासून ती ठिणगीच. पाना हातातून निसटला, असं तिचा बाप आजही सांगतो. निसटला वगैरे काही नव्हता.

त्या शनिवारी तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात तिला एक्स-रे काढायची नोकरी लागली होती आणि रविवारीच तिकडे राहायला जाऊन सोमवारी हजर व्हायचं होतं. नाही आलात तर जागा दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी स्वच्छ बजावलं होतं. खोली मिळाली होती ती दवाखान्यापासून लांब, आणि ड्युटी कधी पहाटेची, कधी रात्रीची. तिकडे बस जायची ती दिवसातून एकदा, तीही ड्रायव्हरच्या मनात आलं तर. म्हणजे सगळी भिस्त घरच्या जुन्या, छोट्या गाडीवर. आणि नोकरी पक्की झाल्यापासून नेमकी ही गाडीच आजारी पडली होती.

दुखणी दोन. पहिलं गिअरबॉक्सचं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना क्लचवरचा पाय काढला की आतून घरघर सुरू व्हायची, कफ झालेल्या म्हाताऱ्याच्या छातीसारखी. क्लच दाबला की गप्प. दुसरं दुखणं कूलंटचं. टाकीतलं हिरवं पाणी कमी कमी व्हायचं, पण गाडीखाली एक थेंब सापडेल तर शपथ. इंजिन ऑइल स्वच्छ, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, म्हणजे पाणी इंजिनाच्या पोटातही जात नव्हतं. मग जात कुठे होतं?

बापाला सगळं गाव मिस्त्री म्हणायचं. गिअरबॉक्ससाठी मिस्त्री फरशीवर उताणा झोपला, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून अर्धा तास ऐकत राहिला. मग उठून म्हणाला, पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. ओरडेल पण दगा देणार नाही, सावकाश बदलू. कूलंटचं विचारलं तर म्हणाला, गाडीचं वय झालंय, बघू.

हा 'बघू' ठिणगीच्या डोक्यात जायचा. शाळेची सहल, घराची गळती, आईचं माहेरी जाणं, मिस्त्रीकडे सगळ्याला एकच औषध होतं. लोकांच्या गाड्या डोळ्यांत तेल घालून तपासणारा हा माणूस घरातल्या कुठल्याही गोष्टीवर दुसरा शब्द काढायचा नाही.

म्हणून गुरुवारी तिने स्वतःच बॉनेट उघडलं. इंजिन गरम करून घेतलं आणि चालू इंजिनावर एकेक नळी बोटाने चाचपली. हीटरकडे जाणारी एक बारीक नळी, इंजिनाच्या मागच्या अंगाला, ती आवळून धरणाऱ्या स्क्रूच्या क्लिपपाशी ओली लागली. खाली पांढरट खपली धरली होती. गाडी तापली, दाब वाढला की तिथून पाणी फुटायचं आणि गरम लोखंडावर वाळून जायचं, म्हणून जमिनीवर काही दिसत नव्हतं. तिने तिथल्या अंधारात बोटांनी अंदाज घेऊन स्क्रूड्रायव्हरने क्लिप पक्की आवळली, टाकी भरली आणि गावात दोन चकरा मारल्या. पातळी जागच्या जागी. रात्री बिचारी खुशीत झोपली.

शनिवारी दुपारी ती गाडी गावाबाहेरच्या चढावर घेऊन गेली आणि अर्ध्या चढात तापमानाचा काटा वर सरकला. थांबून, गार होऊ देऊन पाहिलं तर टाकी रिकामी. क्लिपला हात लावला तर ती नळीवर गोल फिरत होती. नीट आवळलेली क्लिप दोन दिवसांत आपण होऊन सैल पडत नाही, हे मिस्त्रीच्या पोरीला कुणी सांगायला नको.

बाटलीतलं पाणी ओतून, ठिकठिकाणी थांबत तिने गाडी गॅरेजात आणली आणि दार असं आपटलं की मिस्त्री दुसऱ्या गाडीखालून सरपटत बाहेर आला.

"तुम्हाला मला पाठवायचंच नाहीये," ती म्हणाली. "तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून रात्री उठून क्लिप सैल करताय."

मिस्त्रीने हात पुसले. उजेडाची बॅटरी लावली, बॉनेटखाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग सरळ झाला आणि म्हणाला, "हो. मीच केली."

ठिणगीला हेच हवं होतं. तिने मनात येईल ते ऐकवलं. सहलीपासूनचा सगळा हिशेब काढला, भित्रा म्हणाली, आपमतलबी म्हणाली, आणि बाप मान खाली घालून ऐकत राहिला. तिथेच तिला खटकलं. एका बोल्टवरून गिऱ्हाइकाशी दिवसभर हुज्जत घालणारा हा माणूस. स्वतःची चूकही याने कधी कबूल केली नव्हती. आज एवढा गरीब कसा झाला?

तिने त्याच्या हातातली बॅटरी हिसकावली आणि क्लिप नीट पाहिली. स्क्रूची खाच कुरतडलेली होती. कडा वळलेल्या, आणि बाजूच्या रबरावर लांब ओरखडा, हत्यार निसटल्याचा. मिस्त्री टोक झिजलेला स्क्रूड्रायव्हर गॅरेजात ठेवत नसे. खाच खराब केली म्हणून त्याने कामाला ठेवलेल्या माणसाला उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं. ही क्लिप स्क्रूड्रायव्हरने सैल केलेलीच नव्हती.

"बाबा, हे तुमच्या हातचं काम नाही."

"हळू बोल," मिस्त्री म्हणाला आणि घराकडे पाहिलं.

घरात एकच माणूस होतं.

ठिणगीची आई स्वयंपाकघरात टेबलावर लेकीच्या दवाखान्याच्या कोटांना इस्त्री करत होती. नोकरी लागल्याचा सगळ्यांत जास्त गाजावाजा या बाईनेच केला होता. शेजारीपाजारी सांगून झालं होतं, कोटांची बटणं पक्की करून झाली होती, बॅग भरून दाराशी ठेवली होती. आणि ओट्यावर भाजीची सुरी पडली होती, टोक पिळवटलेली.

आईने वर पाहिलं नाही. कोटाची बाही सारखी करत तिने विचारलं, "टाकीतलं सगळं पाणी गेलं का गं?"

ठिणगी एकदम भडकली. इंजिन जळलं असतं, ती भर चढावर अडकली असती, मागून एखादा ट्रक आला असता तर. वर तोंडाने जा बाई जा म्हणायचं आणि पाठीमागून सुरी घेऊन हिंडायचं, ही कुठली माया?

आईने इस्त्री उभी ठेवली. ती रडेल असं ठिणगीला वाटलं होतं. पण तिचा चेहरा रागाने लाल झाला होता, आणि तो राग ठिणगीने कधी पाहिला नव्हता.

"पाणी गावातच संपावं, चढापर्यंत तू जाऊच नयेस म्हणून तर केलं. मला काय कळत नाही? लग्न झाल्यापासून यांच्या शेजारी बॅटरी धरून उभी राहिलेय. कुठली नळी कुठे जाते ते मला झोपेत विचार." ती दम खायला थांबली. "तू गेलीस की या घरात माझ्याशी बोलणारं कोण आहे? जेवायला वाढ, आणि बघू. याखेरीज हे माझ्याशी काय बोलतात? जो तो विचारतोय, गाडी जाईल ना, गाडी चढेल ना. मी कशी राहीन ते विचारलं कुणी?"

ठिणगीने विचारलं नव्हतं. आईचा राग तर आलाच होता, आता स्वतःचाही आला, आणि दोन्ही कुठे ठेवावेत ते कळेना. मिस्त्री मागे उंबऱ्यात उभा होता. ती त्याच्याकडे वळली.

"बेअरिंगसाठी अर्धा तास फरशीवर झोपून ऐकता ना तुम्ही? मग हिचं काय?"

"मला वाटलं, हिचं ठीक चाललंय," मिस्त्री म्हणाला. "कधी आवाज नव्हता कसला."

आईने इस्त्रीचं बटण बंद केलं. मिस्त्री उंबऱ्यातून हटला आणि गॅरेजात गेला. त्याने खणातून नवी क्लिप काढली, गाडीवर वाकला, आणि इतक्या वर्षांची सवय, आत पाहून हाक मारली, "अगं, जरा बॅटरी धर."

आई बाहेर आली. त्याने पुढे केलेली बॅटरी तिने घेतली नाही. त्याच्या दुसऱ्या हातातला स्क्रूड्रायव्हर मात्र घेतला.

"आज तुम्ही धरा," ती म्हणाली. "मी लावते."

मिस्त्रीने बॅटरी धरली. आईने जुनी क्लिप काढली, नळी फडक्याने कोरडी केली, नवी क्लिप चढवली, आणि एकेक आटा फिरवता फिरवता बोलायला लागली. बहिणीच्या आजारपणात त्याने माहेरी जाऊ दिलं नव्हतं तिथून तिने सुरुवात केली. आवाज चढवला नाही, पण काही गाळलंही नाही. मिस्त्री दोनदा काहीतरी म्हणायला गेला, तर उजेड हलला म्हणून तिने त्याला दटावलं. उद्या निघायचंच होतं, ते आता कुणी बोलतही नव्हतं. ठिणगी दारातल्या बॅगेवर बसून ऐकत होती आणि यातलं किती तिला ठाऊक नव्हतं ते तिला आत्ता कळत होतं.

क्लिप घट्ट बसली. मिस्त्रीने बोटाने चाचपून पाहिली. काम चोख होतं, खाचेला ओरखडासुद्धा नव्हता. त्याने हळूच विचारलं, "झालं का?" आणि बॅटरी खाली घेतली.

"वर धरा," आई म्हणाली. "माझं अजून व्हायचंय."