दारातलं बर्चचं झाड

एक मेच्या पहाटे कपिल पाणी प्यायला उठला आणि खिडकीतून सहज खाली डोकावला. दाराशेजारच्या पाइपला एक उंच बर्चचं झाड बांधलेलं होतं. फांदीफांदीला रंगीत कागदी झिरमिळ्या लोंबत होत्या.

कोलोनजवळच्या या गावात बारा वर्षं काढल्यावर याचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. मे लागायच्या आदल्या रात्री इथली पोरं आपल्या आवडत्या मुलीच्या दारी असं झाड उभं करतात आणि ते महिनाभर साऱ्या गावाला दिसत राहतं. दुसऱ्याच्या दारचं झाड कपिलला दरवर्षी फार गोड वाटे. पण घरात सतरा वर्षांची लेक ऊर्जा असताना ते आपल्या दारी आलं, आणि साहेबांचं डोकं फिरलं. एरवी अशा झाडाला नाव लिहिलेलं लाकडी हृदय टांगतात. इथे तेही नव्हतं. म्हणजे सगळा चोरीछुपे मामला!

त्याने गॅरेजमधून करवत आणली. घर जागं व्हायच्या आत झाड आडवं केलं, तुकडे करून गॅरेजमागे ताडपत्रीखाली दडपलं आणि साळसूदपणे चहाचं आधण ठेवलं. जन्मात कधी ठेवलं नव्हतं, ते आज ठेवलं.

निशिगंधा उठली, घाईघाईने दार उघडून बाहेर गेली आणि तशीच परत आली. नवऱ्याला एका शब्दाने काही बोलली नाही. मग मायलेकी जिन्यात कुजबुजल्या. ऊर्जाचा चेहरा पार उतरला होता. म्हणजे हिच्या आईलाही सगळं ठाऊक आहे तर! कपिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ऊर्जा, सुट्टी लागली की तू पुण्याला जायचंस. शशिकांतकाकाकडे. पुढचं शिक्षण तिथेच."

"वारुम?" तिने विचारलं. का, एवढंच. तिची सगळी शाळा, मैत्रिणी, आयुष्य इथलं.

"का ते तुला चांगलं माहीत आहे."

"अहो, सणासुदीच्या दिवशी हे काय काढलंत?" निशिगंधा म्हणाली.

दुपारी तिघं चौकातल्या जत्रेला गेले. शनिवारी जिथे भाजी आणि चीजच्या गाड्या लागतात, तिथे आज गोल फिरणारे पाळणे होते, साखरेत परतलेल्या बदामांचा वास होता आणि अग्निशमन दलाचा बँड जीव खाऊन वाजत होता. मायलेकी चर्चसमोरच्या बाकावर बसल्या. कपिलच्या पायाला मात्र भिंगरी. तो पोरांची तोंडं वाचत फिरत होता. बेकरीतला तो लालकेस्या नजर चुकवतोय, तोच असणार. की बँडमधला तुतारीवाला? ऊर्जाकडे बघून हसला खरा, पण तो तर फुलवाल्या एसरबाईंकडे बघूनही हसला. हातातलं सॉसेज थंड झालं तरी याला पत्ता नाही. आज घरी गेल्यावर तिकिटाचंच बघायचं, त्याने मनाशी पक्कं केलं.

"आल्झो, काय मग, लागलं का झाड नीट?" फुलझाडांच्या गाडीवरून एसरबाईंनीच हाक मारली. दर शनिवारी त्याची भाजी-फुलं त्यांच्याकडूनच यायची.

"कुठलं झाड?"

"काल तुमच्या बायकोने नेलं ना माझ्याकडून! मुलगी होती उचलायला. मी म्हटलं, दोरी जाड घ्या, वारा आहे."

"माझ्या बायकोने?"

"गेनाऊ, तुमच्याच! हे लीप वर्ष आहे ना. लीप वर्षी उलटं असतं, बायका झाड लावतात पुरुषांसाठी. नशीबवान आहात बरं का!"

कपिलच्या घरात पुरुष एकच होता. तो जागच्या जागी थिजला. मग सॉसेज कचऱ्यात टाकून बाकाकडे गेला आणि निशिगंधासमोर उभा राहिला.

"ते झाड... मी कापलं."

"पापा!" ऊर्जा ताडकन उठली. चोरीला गेलं असंच दोघी सकाळपासून समजून होत्या.

"मला वाटलं, ते तुझ्यासाठी कुणीतरी... कुठेही जायचं नाहीस तू. चुकलं माझं." मग तो बायकोला पुटपुटला, "नाव तरी घालायचंस त्यावर."

"नवऱ्याचं नाव भर गावात टांगू? लाज वाटली मला." ती म्हणाली. "पण अहो, झाड बघून तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की हे आपल्यासाठी असेल म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," कपिल म्हणाला. खरोखरच वाटलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात ही आपल्यासाठी असं काही सजवेल, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. आता शिरलं, तेव्हा त्याला भर जत्रेत रडू फुटलं.

निशिगंधाने त्याला बाकावर जागा करून दिली.

"आता पुढचं लीप वर्ष चार वर्षांनी," ती म्हणाली. "मधली सगळी वर्षं पुरुषांची. बारा वर्षं इथे राहतोय आपण. तुम्ही एक तरी लावलंत का हो?"