आवडाबाईंचं नाव

कामरगावच्या रंगरावांच्या वांग्याच्या बियाण्याला कारंज्याच्या बाजारात मोठा मान होता. दोन वाणांचा संकर करून ते बी घरीच तयार होई. कोणते वाण आणि कशी रीत, हे घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. पुतण्या गजेंद्र दहा वर्षं त्यांच्या मळ्यात राबला आणि यंदा त्यानं तेच बी स्वतःच्या नावानं विकायला काढलं. रंगरावांनी वाशीमच्या कोर्टात दावा लावला.

"तुमची रीत कोर्टाला लिहून द्यावी लागेल," वकील उज्ज्वलाताई म्हणाल्या. "नाहीतर चोरी कशाची झाली, हे कसं ठरणार?"

रंगराव दचकले. "म्हंजे कोनालेबी नक्कल भेटन? मंग उरलं काय?"

"तो कागद सीलबंद ठेवा, असा अर्ज करू. न्यायाधीश वाचतील. समोरचे वकील वाचतील, पण कोणालाही सांगणार नाही, गजेंद्रलासुद्धा नाही, अशी लेखी हमी देऊन."

ताईंनी कागद पुढे ओढला. रंगराव दोन वाक्यं बोलून अडखळले. फुलं कोणत्या दिवशी निवडायची, पहिली फळं का तोडायची, त्यांना सांगता येईना. शेवटी ते शेजारी बसलेल्या बायकोकडे वळले.

"आवडे, तूच सांग. मले कुठी मालूम हाये?"

आवडाबाई हळू आवाजात तासभर सांगत राहिल्या. वाण त्यांनीच शोधले होते, कितीतरी हंगाम वाया घालवून. बाजारात रंगराव जात, म्हणून बी रंगरावांचं झालं होतं. प्रतिज्ञापत्रावर आवडाबाईंनी सही केली.

कोर्टानं अर्ज मंजूर केला. लिपिकानं पाकिटावर लाख लावली. इतरांसाठीच्या प्रतीत ती पानं काळी केली होती. रंगरावांनी प्रत चाळली. बायकोचं नावही काळ्या शाईखाली गेलं होतं.

पुढच्या तारखेला ते हात जोडून उभे राहिले. "साहेब, रीत झाका. पन तिचं नाव झाकू नोका. येवढी सालं मीच झाकून राह्यलो व्हतो."

"नाव गुपित नाही," असं म्हणून न्यायाधीशांनी ते उघडं ठेवायला सांगितलं.

चार महिन्यांनी निकाल लागला. गजेंद्रला ते बी विकायची मनाई झाली. भरल्या कोर्टात वाचलं गेलं: हे बियाणं आवडाबाईंनी तयार केलेलं आहे. आवडाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिल्या.

बाहेर पायऱ्यांवर गजेंद्र आडवा आला. "काकू, मले वाटे काकाचं हाये. तुमचं हाये हे मालूम असतं तर..."

"तर नेलं नसतं का रे?"

गजेंद्र पायरीवरून बाजूला सरला. आवडाबाई नवऱ्याबरोबर एसटी स्टँडकडे निघाल्या.