हाकेला ओ

गेणबाला मोहनरावांच्या रानातून उचलून नेल्याला आज तिसरा दिवस होता, आणि ठाण्यातले लोक सांगत होते की असा कुणी माणूस आम्ही आणलाच नाही.

त्याच्या बायकोनं, कुशाबाईनं तर जीप डोळ्यांनी पाहिली होती. अंथुर्णे गावात मोहनरावांच्या मोकळ्या रानात या नवरा-बायकोची मेंढरं खतासाठी बसवली होती. पोलिसांनी उतरल्या उतरल्या विचारलं, शेजारच्या गावच्या विहिरीवरची मोटर कुठं विकलीस? "मेंढरं सोडून मी कुठं जाऊ, सायेब?" एवढंच तिचा नवरा बोलला, आणि त्याला जीपमध्ये कोंबलं.

मोटर चोरीला गेली त्या रात्री गेणबा मोहनरावांच्याच बांधावर होता. मोहनरावांनी ठाण्यात येऊन तसं सांगितलंही. "मग माल तुमच्याच घरात ठिवलाय काय?" असं हवालदारानं विचारल्यापासून ते फाटकाच्या आत पाऊल टाकत नव्हते. काल त्यांनी रस्त्यावरूनच गेणबाला हाका मारल्या. आतून काही उत्तर आलं नाही.

"धरलेला माणूस चोवीस तासांत कोर्टापुढं उभा करावा लागतो, वहिनी," ते म्हणाले. "पर आणलाच न्हाय म्हणल्यावर काय करायचं?"

ठाण्यासमोर दगडाबाईचा चहाचा गाडा होता, तिथंच ती दोघं बसली होती. कप विसळता विसळता दगडाबाई हळूच म्हणाली, "काल सांजपातुर आत कुणीतरी वरडत हुतं, बाई. सकाळधरनं गप हाय."

कुशाबाई तशीच उठली आणि फाटकातून थेट पायरीपर्यंत गेली.

"पुन्हा आलीस?" हवालदार खुर्चीतून म्हणाला. "कोण पायजे?"

"आमचं मालक."

"हितं समदेच मालक हायती. कुठला देऊ?" शेजारचा शिपाई खो खो हसला.

तिनं मागच्या खोलीच्या बंद दाराकडं पाहिलं. "आवो!" ती ओरडली. "आवो, हायसा का?"

गाड्यावरची माणसं वळून बघू लागली. आतून काहीच नाही. तिच्या मनात आलं, तीन दिवस त्याला कुणाकुणाच्या हाका येत असतील, आणि हाकेला ओ दिली की मार बसत असेल. 'आवो' तर कुणाचीही बायको म्हणते. आपणच आलोय हे त्याला कसं कळावं?

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच त्याचं नाव तिच्या तोंडात आलं होतं. त्यानंतर रानात वाट चुकली तरी तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. तिनं पदर घट्ट धरला आणि डोळे मिटले.

"गेणबा! ए गेणबा! मी कुशी!"

गाड्यावरचा चमच्यांचा आवाज थांबला. शिपाई हसायचा थांबला.

"ओ..." दाराआडून बारीक आवाज आला. "कुशे... पाणी."

हवालदार ताडकन उठला. "चल, भायेर हो!"

"आता म्हणा, हितं कुणी न्हाय!" मोहनराव फाटकातून आत आले होते. मागं वळून त्यांनी विचारलं, "दगडाबाई, ऐकलंस का गं? कोर्टात सांगशील?"

दगडाबाईनं ठाण्याकडं पाहिलं. ठाण्यातूनच तिचं निम्मं गिऱ्हाईक यायचं. "सांगीन," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन रस्ता ओलांडू लागली. तिच्यामागून गाड्यावरची दोघं-तिघंही आली.

हवालदारानं दारापुढं काठी आडवी धरली. "सायेब आल्याबिगर कुलूप उघडणार न्हाय."

"कवा येणार?" मोहनरावांनी विचारलं.

"ते काय मला सांगून जात्यात?"

"मग ते येस्तवर मी हाक मारीत ऱ्हाती," कुशाबाई म्हणाली आणि दगडाबाईच्या हातातला तांब्या घेऊन पायरीवर बसली. मोहनराव तिच्या शेजारी उभे राहिले.

"गेणबा!"

"ओ."

ती थोडं थांबायची आणि पुन्हा हाक मारायची. दर खेपेला ओ यायला आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता, आणि तो येईपर्यंत पायरीवरचं कुणीही श्वास सोडत नव्हतं.