उजेड जिकडे, वाट तिकडे

मित्रांनो, सांधा म्हटलं की तुम्हाला आजोबांचा दुखरा गुडघा आठवत असेल. मी तो नव्हे! मी रुळांचा सांधा. एका रुळाच्या जिथे दोन वाटा होतात, तिथे मी बसतो. माझ्या दोन बारीक पट्ट्या इकडे सरकल्या की गाडी सरळ धावते, तिकडे सरकल्या की बाजूच्या लाइनवर वळते. खऱ्या रेल्वेतले माझे भाऊबंद चांगले दणकट असतात. मी मात्र तळहातावर मावतो, कारण मी खेळातल्या रेल्वेचा आहे. पण म्हणून मला हलक्यात घेऊ नका बरं! माझ्या अंगावरून एकदा अशी एक गाडी गेली आहे, की ती आठवली तरी माझ्या पट्ट्या अजून थरथरतात.

दुकानाच्या काचेच्या कपाटातून मला घरी आणलं ते मामाने. मामा म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा घरभर शोधणारा माणूस. बहिणीच्या घरातल्या मागच्या खोलीत त्याने प्लायवुडचं मोठं टेबल मांडलं होतं. वर दोरीवर कपडे वाळत, खाली बोगदा, पूल, स्टेशन आणि इंजिनं! त्या टेबलाला भोक पाडून मामाने माझ्या पोटाखाली छोटी मोटर बसवली. मग तापलेल्या सळईने कथील वितळवून एकेक तार जोडली. चुर्र! धूर! अंगात पहिल्यांदा वीज आली आणि माझ्या पट्ट्या टक्कन सरकल्या. काय सांगू मित्रांनो, जन्माला आल्यासारखं वाटलं!

टेबलाच्या कडेला बटणांचं पॅनेल होतं. त्यावर मामाने माझ्यासाठी वाटाण्याएवढा एक दिवा लावला. मी सरळ असलो की हिरवा, वळलो की लाल. त्यातही त्याची हुशारी बघा. दिवा त्याने बटणाला जोडला नाही, माझ्या पट्ट्यांना जोडला. बटण दाबून काय उपयोग, पट्ट्या मध्येच अडकल्या तर? पट्ट्या खरोखर सरकून टेकल्या, तरच दिव्याचा रंग बदलणार.

"हा दिवा खोटं बोलूच शकत नाही," मामा कॉलर ताठ करून म्हणाला.

"तूही असाच एखादा लावून घे," त्याची बहीण, म्हणजे या घरातली आई, म्हणाली. "आठ दिवस म्हणतोयस, पंखा उद्या दुरुस्त करतो."

घरात दोन मुलं. मोठी ताई, जिभेची तिखट. धाकट्याचे पुढचे दात पडले होते आणि बोलताना त्याची शिट्टी वाजायची, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. शिट्टीचा माझ्यावर भारी जीव! माझ्या पट्ट्यांत अडकलेली धूळ तो मऊ ब्रशने झाडायचा. वस्तीच्या सभागृहात लहान-मोठ्यांच्या छंदांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे आमची रेल्वे मांडायची होती आणि शिट्टीला एकच गोष्ट हवी होती. सांधेवाला व्हायचं! पॅनेलपाशी उभं राहून मला हलवायचं.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं.

शिट्टी एकटा खेळला की सगळं सुरळीत; आपण काय दाबलं ते त्याच्या लक्षात असे. पण मध्येच ताईने किंवा मामाने एखादं बटण दाबलं, की शिट्टीचा गोंधळ उडे. भरधाव एक्स्प्रेस बाजूच्या लाइनवर वळे आणि तिथे उभ्या असलेल्या मालगाडीवर धाडकन आदळे. ताईच्या गोट्या भरलेले डबे आडवे!

"अरे, दिवा लाल होता ना? नीट बघ!" मामा ओरडे.

"हो मामा," शिट्टी म्हणे आणि डोळे बारीक करून दिव्यावर नाक टेकवे.

पुन्हा धाड!

"डोळे आहेत की बटणं?" ताई म्हणाली. "माझ्या गोट्या गोळा करून माझीच कंबर मोडली."

आधी संशय माझ्यावर आला. मामाने मला उलटंपालटं करून तपासलं. मला वाटलं, संपलं, आता मला उपटून टाकणार! पण माझी एकही पट्टी अडत नव्हती, एकही तार सैल नव्हती. मामाने सुस्कारा सोडला. "सांधा ठणठणीत आहे. आपल्या शिट्टीरावांचंच लक्ष नसतं. प्रदर्शनात ताई सांधेवाली होईल."

मी सुटलो, पण सुटल्याचा आनंद कसला! शिट्टी टेबलाखाली जाऊन तारांच्या जंजाळात बसून राहिला. त्याच्या गालावरून ओघळलेलं पाणी फक्त मला दिसत होतं.

फक्त मला? छे! दारात आई उभी होती. ही आई कशी, तर पोराला शिंक आली तरी ही थर्मामीटर शोधायला धावणार. सगळे तिला हसत. पण तिची नजर! त्या नजरेतून काही सुटत नसे. ती मामाला म्हणाली, "दादा, एक विचारू? रस्ता ओलांडताना सिग्नल बघून हा कधी 'लाल लागला' असं म्हणत नाही. 'वरचा लागला' म्हणतो."

"मग?"

"आणि आपले बाबा आठव. बाजारातून कच्चे हिरवेगार टोमॅटो आणायचे आणि आईचा ओरडा खायचे."

मामाच्या हातातली सळई तशीच राहिली. आईने शिट्टीला टेबलाखालून बाहेर काढलं, जवळ घेतलं आणि बटण दाबलं. मी टक्कन सरळ झालो.

"दिवा कुठल्या रंगाचा आहे, बाळा?"

"पिवळा."

तिने पुन्हा बटण दाबलं. टक्!

"आणि आता?"

"तोच की. जरासा मंद."

मग मामा हळूच म्हणाला, "अरे सोन्या, मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, नीट बघितलं की कळतं," शिट्टी म्हणाला. "मी नीटच बघत होतो मामा."

मित्रांनो, माझं अंग धातूचं. तरी त्या वेळी आतून पिळवटून निघालो.

दुसऱ्या दिवशी आई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. जाताना चेहरा पांढराफटक, येताना पावलं हलकी! डॉक्टर म्हणाले होते, आजार नाही, घाबरायचं काम नाही. काही जणांना जन्मापासून लाल आणि हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत. बाकी नजर अगदी तेज.

"मग रस्त्यावरच्यासारखं करा ना," शिट्टी म्हणाला. "तिथे जागेवरून कळतं."

मामाने कपाळावर हात मारला, तो चष्म्यावरच बसला! मग काय धांदल उडाली म्हणता! पॅनेलवर मामाने माझं चित्र काढलं. एक रेघ, तिला फुटलेल्या दोन वाटा. दोन्ही वाटांवर एकेक पांढरा दिवा. मी सरळ असलो की सरळ वाटेवरचा उजळणार, वळलो की वळणावरचा. आई टेबलाखाली टॉर्च धरून बसली. "दातांनी तारा सोलू नकोस गं!" असं ताईला बजावणंही चालूच होतं. तारांचे रंगही लाल-हिरवेच, म्हणून शिट्टीने त्यांना दोरे बांधले. सरळ वाटेच्या तारेला एक गाठ, वळणाच्या तारेला दोन. अंधारात चाचपूनही ओळखू येतील अशा!

"उजेड जिकडे, वाट तिकडे!" शिट्टी ओरडला आणि त्याची शिट्टी घरभर वाजली.

प्रदर्शनात तोबा गर्दी! पॅनेलपाशी कोण? अर्थात शिट्टी! शेजारी ताई घोषणा देत होती, "प्रवाशांनी रुळांपासून लांब उभं राहावं, विशेषतः नाक पुसणाऱ्यांनी!" बाजूच्या लाइनवर मालगाडी गोट्या भरून उभी. बोगद्यातून एक्स्प्रेस निघाली. तेवढ्यात गर्दीतल्या कुणाचं तरी कोपर पॅनेलवर पडलं. टक्! मी वळलो! एक्स्प्रेस सुसाट येतेय, आणि मी तिला थेट मालगाडीच्या अंगावर पाठवतोय! ओरडावं तर तोंड नाही!

मामाने तोंडावर हात ठेवला. आईने डोळे मिटले. पण शिट्टीची नजर पॅनेलवर होती. उजेड वळणावर गेलेला त्याने पाहिला आणि बोट टेकवलं. टक्! माझ्या पट्ट्या सरळ टेकल्या न टेकल्या तोच धडधड, धडधड, धडधड... एक्स्प्रेस माझ्या अंगावरून सरळ निघून गेली!

सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गर्दीतून एक म्हातारा माणूस पुढे आला. कच्चे टोमॅटो आणणारे तेच आजोबा. ते पॅनेलकडे कितीतरी वेळ बघत राहिले आणि लहान मुलासारखे ओरडले, "अरे, हे तर मलासुद्धा दिसतंय! शिट्टी, एकदा मला दाबू दे ना!"

"दाबा," शिट्टी ऐटीत म्हणाला. "पण मालगाडी सांभाळा हं, ताईच्या गोट्या आहेत."

आता मी जुना झालो आहे. पट्ट्यांना गंज चढू पाहतो. अधूनमधून कुणी ब्रश फिरवला, तेलाचा थेंब दिला, की पुन्हा टक्कन सरकतो. तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला तेवढं तरी द्या. आणि मित्रांनो, तुमचा एखादा सोबती पुन्हापुन्हा चुकत असेल, तर त्याला "नीट बघ" म्हणण्याआधी जवळ बसा आणि विचारा, "तुला काय दिसतं?" मग नवा दिवा लावायला कितीसा वेळ लागतो! एक रेघ, दोन तारा आणि वाटाण्याएवढा उजेड.