मावशीच्या खोलीचं पलीकडचं टोक

घरं दाखवण्याचा धंदा करणाऱ्या त्या माणसाला सगळे लगेचराव म्हणत. कुणी फोन करून विचारलं, जागा आहे का, की हा म्हणे, "आहे की! लगेच दाखवतो." मग किल्ली सापडेपर्यंत दुपार कलंडे. पण बोलण्यात तो कुणाला हार जात नसे. अंधाऱ्या घराला तो ‘उन्हाळ्यात थंड’ म्हणे, लिफ्ट नसलेल्या जिन्याला ‘रोजचा व्यायाम’ म्हणे, आणि शेजारी भांडखोर असले तर ‘इथे एकटं वाटणार नाही’ असं सांगे. एकदा त्याने छप्पर गळणारं घर ‘चोवीस तास पाणी’ म्हणून विकलं, असं त्याच्या वाईटावर असलेले लोक सांगत. ते खोटं होतं. तो फक्त ‘मुबलक’ म्हणाला होता.

त्याचा फोन मात्र म्हातारा झाला होता. काचेला तडा, कॅमेऱ्याच्या भिंगावर ओरखडा. त्या फोनमध्ये बाराही महिने संध्याकाळ असे. भर दुपारी, पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढला तरी त्यात दिवेलागण झालेली दिसे. बाकीचे एजंट हसत. लगेचरावाला त्याचं काही वाटत नसे. अलीकडे तर तो फोन त्याला फारच उपयोगी पडत होता, कारण मावशीचं घर विकायला निघालं होतं.

मावशीचं घर म्हणजे एक खोली, तिला चिकटलेलं स्वयंपाकघर आणि एक खिडकी. याच घरात मावशीने आणि काकांनी त्याला लहानाचा मोठा केला. काका सकाळी दाढी करताना शिट्टी वाजवत. ती इतकी बेसूर असे, की गॅसवरचा कुकरसुद्धा भिडेखातर आपली शिट्टी थोपवून धरे. गेल्या वर्षी काका गेले. त्यांची वेताची खुर्ची, दाढीचा ब्रश, सगळं मावशीने देऊन टाकलं. आणि त्यानंतर खोली लहान व्हायला लागली.

"सकाळी उठावं तर भिंत बोटभर पुढे आलेली," मावशी सांगे. "खोटं वाटतं? कपाट उघडून बघ."

लगेचरावाने उघडलं. दार अर्ध्यातच पलंगाला अडलं. लहानपणी तो त्याच दारामागे लपत असे, त्यामुळे पूर्वी ते सबंध उघडायचं हे त्याला नाकारता येईना.

"जीव गुदमरतो रे," मावशी म्हणाली. "हे घर वीक आणि मला ताईकडे पोचव." ताई म्हणजे मावशीची मुलगी. ती दोन गाड्या बदलून जावं लागेल इतकी लांब राहत होती.

"लगेच," तो म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द त्याला जड गेला. त्याच्या खिशात गावभरच्या घरांच्या किल्ल्या खुळखुळत, पण बेल न वाजवता, चपला भिरकावून, "काय आहे खायला?" असं ओरडत शिरता येईल असं घर हे एकच होतं. ते गेलं की मग सगळीकडे पाहुणाच.

तेव्हा त्याने जुन्या फोनने फोटो काढले, जाहिरात टाकली आणि निर्धास्त झाला. कुणी चौकशीलाही आलं नाही. मग एक दिवस मावशीने फोटो बघायला मागितले.

"ही काय कोळशाची वखार आहे?"

"तुझीच खोली."

"आणि कोपऱ्यात हा दरोडेखोर कोण?"

"तू आहेस."

मावशीने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "लोकांची खुराडी महाल म्हणून विकतोस, आणि मावशीच्या घराची वेळ आली की फोन आंधळा? उद्याच्या उद्या नवा घे. आणि शहाण्या, मला बनवू नकोस. तुझे दुधाचे दात मी पाडलेत."

मोबाइलच्या दुकानदाराला लगेचरावाने मागे एक घर विकलं होतं, खिडकीतून तळं दिसतं असं सांगून. तळं दिसे, फक्त स्टुलावर चढून, मान वाकडी करून, आणि समोरच्यांनी चादरी वाळत घातल्या नसतील तर. दुकानदार आजच्या दिवसाची वाट बघत बसला होता.

"या लगेचराव! हा बघा. प्रशस्त. हवेशीर. आत जागाच जागा."

"किती?"

"दोन पिढ्यांचे फोटो आरामात राहतील. जरा सरकून बसले तर तिसरीही."

"बॅटरी?"

"मुबलक."

लगेचरावाने शेजारच्या फोनकडे बोट दाखवलं. "आणि हा स्वस्तातला?"

"तो नको. आत आधीच भाडेकरू आहेत. जाहिराती. काही केल्या निघत नाहीत." दुकानदाराने पहिला फोन पुन्हा पुढे सरकवला. "याला तीन डोळे. दोन साधे, तिसरा रुंद. घरांच्या फोटोंना अगदी हाच. मात्र त्यातून जपून बघायचं. माणसं बघता बघता लांब जातात."

"म्हणजे?"

"म्हणजे निर्णय लगेच घ्या. दुसरं गिऱ्हाईक येऊन बघून गेलंय."

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कसं ऐकू येतं, ते त्याला तेव्हा कळलं. त्याने फोन घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या दारात उभं राहून त्याने तिसरा डोळा उघडला. पडद्यावर खोली सांडलेल्या दुधासारखी हळूहळू पसरत गेली. पलंग नावेसारखा दूर जाऊन थांबला. खिडकीतलं ऊन लांबच लांब जमिनीवरून चालत आलं आणि मध्येच दमल्यासारखं बसलं. आणि त्या उन्हाच्याही पलीकडे एक निळसर कोपरा होता, जो त्याने लहानपणीही कधी पाहिला नव्हता.

"बघू," म्हणत मावशीने फोन घेतला, डोळ्यांपुढे धरला आणि चालायला लागली. पलंगापाशी पोचायलाच तिला बराच वेळ लागला. मग ती पलंग ओलांडून गेली, आणि जात राहिली, आणि लहान होत गेली.

"मावशी, पुढे भिंत आहे!"

"कुठली भिंत?" आवाज पैलतीरावरून यावा तसा आला.

तो उंबऱ्यावर बसला. चहा निवला. मावशी परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि मुठीत एक बटण होतं.

"तुझ्या शाळेच्या शर्टाचं," ती म्हणाली. "मी तेव्हाच सांगत होते, खोलीतच पडलंय. तू म्हणालास, मित्राने तोडलं. त्या बिचाऱ्याच्या घरी जाऊन भांडून आले होते मी."

मग ती रोज सकाळी फिरायला जाऊ लागली. डॉक्टर कधीपासून तिला चालायला सांगत होतेच. खोलीतल्या खोलीत चालू नका असं काही ते म्हणाले नव्हते. कधी ती वाऱ्याने केस विस्कटून परत येई, कधी नुसतीच हसत. एक दिवस ती आली आणि काही बोलेना.

"काय झालं?"

"तिकडे टोकाला खुर्ची आहे. वेताची."

"कुणी बसलंय?"

"रिकामी आहे." मावशीने धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले. "पण उशी दबलेली होती."

त्याने पुढे होऊन नळ बंद केला.

"मग घर राहू दे ना," तो हळूच म्हणाला.

"असं कसं? एक खुर्ची दिसली म्हणून? ताईने माझ्यासाठी खोली झाडूनपुसून ठेवलीय. वीक."

नव्या फोनच्या फोटोंवर चौकश्यांचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांत आधी आलं ते एक नवरा-बायकोचं जोडपं. नवऱ्याच्या हातात मोजायची टेप होती. दोघं दारात उभी राहिली आणि त्यांचे चेहरे उतरले.

"फोटोत मोठी होती," बायको म्हणाली.

लगेचरावाच्या उजव्या खिशात नवा फोन होता, डाव्यात जुना. जुन्यातून दाखवलं असतं तर खोलीत लगेच दिवेलागण झाली असती आणि पार्टी आल्या पावली परत गेली असती. त्याचा हात डावीकडे गेला.

"उजवा," मावशी म्हणाली.

"मावशी, पण..."

"उजवा काढ. फसवून घर विकायचं नाही, आणि फसवून ठेवायचंही नाही."

त्याने नवा फोन नवऱ्याच्या हाती दिला. त्या गृहस्थाने टेपचं टोक बायकोकडे सोपवलं, फोन डोळ्यांपुढे धरला आणि निघाला. टेप सळसळत सुटत राहिली.

"अहो, पुरतेय का?" बायकोने विचारलं.

"नाही पुरत!" दूरवरून उत्तर आलं.

बायको लगेचरावाला म्हणाली, "यांचं हे असंच. कोपऱ्यावर भाजी आणायला गेले तरी असंच." मावशी मात्र भिंतीला टेकून, कान देऊन उभी होती.

नवरा परत आला तो टेप गळ्यात गुंडाळून. "खोली सुरेख आहे हो," तो म्हणाला. "ऊन काय, वारा काय! पण तुम्ही एक गोष्ट लपवलीत. तिकडे कुणीतरी राहतंय."

"दिसलं?" मावशीने विचारलं. आवाज तिचा नव्हताच जणू.

"दिसलं नाही. आडोशाला दाढी करत असावेत. साबणाचा वास येत होता. आणि शिट्टी वाजवत होते. जरा बेसूर होती."

"जरा?" मावशी मटकन पलंगावर बसली. "जरा म्हणताय तुम्ही?"

"बरीच," त्याने कबूल केलं. "मी मागे फिरलो ते त्यामुळेच."

मावशीने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते कुणालाच कळेना. बहुधा दोन्ही आळीपाळीने चाललं होतं.

बायको लगेचरावाकडे वळली. "म्हणजे ताबा मोकळा मिळणार नाही?"

या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची त्याची ही पहिलीच वेळ होती. "नाही," तो म्हणाला. "आत माणूस आहे. जुना आहे. निघायचा नाही."

"मग नको बाई. राहत्या माणसाला उठवून आपला संसार थाटायचा, हे काही बरं नाही." आणि ती नवऱ्याला घेऊन गेली. तो जिना उतरेपर्यंत वळून वळून बघत होता.

मावशीने डोळे पुसले. "ताईला फोन लाव."

त्याने जुन्या फोनवरून लावला.

"अगं, माझं येणं रद्द," मावशी म्हणाली. "घर विकता येत नाही. ताब्याची भानगड आहे." पलीकडून ताईने काहीतरी विचारलं. "किती दिवस? छे, काही सांगता येत नाही. अशा भानगडी वर्षानुवर्षं चालतात. तूच ये ना राहायला. हो, पोरांना घेऊन ये. जागेचं काय, जागा पुष्कळ आहे."

नवा फोन मावशीकडेच राहिला. लगेचराव जुन्याच फोनवर धंदा करतो आणि जाहिरातीत लिहितो, ‘संध्याकाळी फार छान दिसणारं घर’. चाललंय बरं.

रोज सकाळी तो बेल न वाजवता मावशीकडे शिरतो, चपला भिरकावतो आणि ओरडतो, "काय आहे खायला?"

"आले, आले!" खोलीच्या पलीकडच्या टोकावरून आवाज येतो. "लांब आहे रे मी. कुकरकडे बघ तोवर!"

तो स्वयंपाकघरात जाऊन बघतो. कुकर वाफेने नुसता फुसफुसत असतो, पण शिट्टी काही देत नाही.